डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर : रक्ताचे नाते आणि रोगाचे नाते

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेलेला विद्यार्थी सुटीत गावी आला की त्याच्या बॅगेतील एक जाडजूड पुस्तक घरातली लहान मुले हटकून उघडून पाहतात. आत माणसाच्या शरीराची चित्रे असतात. हाडे, स्नायू, शिरा, सगळे उकलून दाखविलेले. मुले घाबरतात, पण चित्र पाहायचे सोडीत नाहीत. त्या पुस्तकाला सारे जग ग्रे यांची अॅनाटॉमी म्हणून ओळखते. १८५८ साली लंडनला ते प्रथम छापले गेले आणि नवनव्या आवृत्त्यांच्या रूपाने आजही चालू आहे. मजकूर हेन्री ग्रे यांचा. पण पहिल्या आवृत्तीतील ३६३ चित्रे ज्यांनी काढली ते डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच जहाजाने मुंबईस येऊन दाखल झाले होते. पुढील तीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी मुंबई आणि सातारा येथे काढला. ज्या प्रश्नाने आपल्याकडील घराघरांत आजही भीती आणि गैरसमज माजविले आहेत, त्याच्याशी त्यांचे जवळजवळ सगळे काम निगडित आहे. एका घरातील माणसांना एकच रोग होतो तो रक्तातून येतो, की एका छपराखाली राहिल्यामुळे येतो, हा तो प्रश्न.

कार्टर यांचा जन्म १८३१ सालचा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कारबरो नावाचे बंदर आहे, तेथे ते वाढले. वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्राची आणि जहाजांची जलरंगातील चित्रे काढण्यात नाव मिळविलेले चित्रकार. थोरल्या मुलाचे नाव ठेवतानाही त्यांना व्हॅन डाइक हा जुना चित्रकार आठवला, यावरून घरातील हवा कशी होती याची कल्पना येईल. धाकटा मुलगा जोसेफ न्यूइंग्टन हाही चित्रकारच झाला. थोरला मात्र डॉक्टरीकडे वळला, पण हात वडिलांचाच राहिला. आता हा हात वडिलांच्या रक्तातून आला, की लहानपणापासून घरात कुंचले, रंग आणि कागद यांच्यातच वावरल्यामुळे आला? याचे उत्तर कोणी छातीठोकपणे देऊ नये असे मला वाटते. सुताराचा मुलगा रंधा लवकर शिकतो. त्याच्या बोटांत उपजत काही असेलही, पण रंधाही त्याच्या हाताशी चौथ्या-पाचव्या वर्षापासून असतो. कार्टर यांच्या घराण्यात जे चांगले होते त्याच्या बाबतीत ही फोड करता येत नाही. रोगाच्या बाबतीत मात्र ती करावी लागते, कारण तेथे माणसांच्या जिण्यामरण्याचा आणि अब्रूचा प्रश्न असतो.

१८४७ च्या सुमारास कार्टर लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळात शिकावयास गेले. तेथेच ग्रे यांची ओळख झाली. ग्रे हुशार, महत्त्वाकांक्षी, शस्त्रक्रियेत पुढे येऊ पाहणारे. कार्टर अबोल, देवभीरू, रोजनिशीत स्वतःचेच दोष लिहीत बसणारे. शवविच्छेदन दोघे मिळून करीत, मजकूर एकाने लिहावा आणि चित्रे दुसऱ्याने काढावी असे ठरले होते. त्या काळी चित्र लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे काढावे लागे, मग कोरक्या ते कोरी. कार्टर यांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक स्नायूचे व शिरेचे नाव त्यांनी त्या अवयवावरच लिहिले. पूर्वीच्या पुस्तकांत आकडा पाहायचा आणि मग तळटिपेत शोधायचे, असा खटाटोप असे. शिकविण्याचा ज्याला अनुभव आहे तो या एका सोयीचे मोल जाणील. मोबदला म्हणून कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळण्याची तजवीज होती. शिवाय मुखपृष्ठावर कार्टर यांचे नाव आपल्या नावाइतक्या मोठ्या अक्षरात छापू नये, असेही ग्रे यांनीच पाहिले. असो.

ग्रे यांना त्या यशाचा उपभोग फार दिवस घेता आला नाही. १८६१ साली त्यांचा लहान पुतण्या चार्ल्स देवीने आजारी पडला आणि त्याची शुश्रूषा काकांनी केली. पुतण्या बरा झाला. काकांना देवी निघाल्या आणि १३ जून १८६१ रोजी वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. काका आणि पुतण्या यांचे रक्त एक, म्हणून देवी आल्या असे त्या वेळीही कोणी म्हटले नसेल, कारण देवी संसर्गाने येतात हे सर्वांस ठाऊक होते. जेनर यांची लस निघून साठ वर्षे उलटली होती. मुंबईत तर १८०२ सालीच अॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस पहिली लस टोचली गेली होती. देवीचा ताप आठ-पंधरा दिवसांत उघड होतो, त्यामुळे कोणाचे कोणाला लागले ते दिसते. सगळा घोळ होतो तो वर्षानुवर्षे दबा धरून बसणाऱ्या रोगांच्या बाबतीत.

१८५८ च्या आरंभी कार्टर मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्राचे अध्यापक झाले. हे कॉलेज १८४५ साली निघाले होते. शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ होते, आणि त्याच दानशूर गृहस्थाच्या नावाची एक धर्मशाळाही जवळच होती. या धर्मशाळेत ज्यांना घरातून, गावातून बाहेर काढले होते असे महारोगी राहत. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस आलेली ही माणसे होती. कोणाची बोटे झडलेली, कोणाचे नाक बसलेले. पगारी डॉक्टराने तेथे जाऊन बसावे असे बंधन नव्हते. कार्टर गेले. एकेका रोग्याचे गाव, जात, धंदा, रोग कोणत्या वयात सुरू झाला, आईबापांत, भावंडांत, मुलांत आणखी कोणास आहे काय, हे विचारून त्यांनी टिपून ठेवले. मृतांचे विच्छेदन करून या रोगात मज्जातंतू कसे सुजतात आणि मरतात याची चित्रे काढली. ज्या हाताने ग्रे यांच्या पुस्तकातील निरोगी शरीर काढले त्याच हाताने ही चित्रे काढली. बोटे रोग खातो अशी समजूत होती. वास्तविक मज्जातंतू बधिर होतात, मग भाजले, कापले तरी समजत नाही आणि जखमा चिघळून बोटे जातात. हे कळल्यामुळे पुढे कित्येकांचे हातपाय वाचविण्याचा मार्ग सापडला.

याच काळात त्यांनी आणखी एका रोगाचा उलगडा केला. अनवाणी शेतात काम करणाऱ्याचा पाय सुजतो, त्याला भोके पडतात आणि त्यांतून काळे वा पिवळे कण बाहेर येतात. हा रोग बुरशीमुळे होतो असे त्यांनी दाखविले. काटा रुतून बुरशी आत शिरते, तेथे घराण्याचा प्रश्नच येत नाही. पण महारोगाच्या बाबतीत ते अडले. कारण धर्मशाळेतील कित्येक रोगी सांगत की माझ्या बापाला होता, माझ्या काकाला होता.

त्या वेळी जगातील मोठमोठे डॉक्टर याच अनुमानावर आले होते. १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्याच्या सर्व भागांतून माहिती मागवून एक अहवाल प्रसिद्ध केला. महारोग संसर्गजन्य नाही, तो घराण्यात चालत येतो, असा त्याचा एकंदर सूर होता. कार्टरही आरंभी याच बाजूचे होते. १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, तुरुंगाचीही देखरेख त्यांच्याकडे होती. तेथेही त्यांची टिपणे चालूच राहिली. गंमत अशी की ते साताऱ्यात असतानाच, १८६५-६६ साली, युरोपातील एका मठात मेंडेल नावाचा धर्मगुरू वाटाण्याची रोपे लावून आनुवंशिकतेचे नियम मांडीत होता. त्याचा निबंध छापला गेला आणि पस्तीस वर्षे धूळ खात पडला. १९०० साली तो पुन्हा हाती आला आणि जनुक हा शब्द तर १९०९ सालचा. म्हणजे कार्टर ज्याला घराण्याचा गुण म्हणत होते तो नेमका कशातून चालत येतो, हे सांगणारा त्या वेळी कोणी नव्हता.

रजा मिळाली तेव्हा माणूस घरी जाऊन विश्रांती घेतो. कार्टर यांनी १८७३ साली नॉर्वे गाठले. नॉर्वेचा पश्चिम किनारा हा त्या काळी युरोपातील महारोगाचे मोठे ठाणे होता. १८५६ च्या मोजणीत तेथे २,८०० हून अधिक रोगी नोंदले गेले होते. कोळी आणि शेतकरी लोक, थंडीमुळे दारे लावून एकाच खोलीत सगळे कुटुंब निजणारे. बर्गन शहरातील महारोगी इस्पितळांचे प्रमुख होते डॅनियलसेन. महारोगाचे त्यांच्याइतके ज्ञान जगात कोणास नव्हते आणि हा रोग आनुवंशिक आहे हे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी स्वतःच्या अंगात रोग्याची लस टोचून पाहिली होती. काही झाले नाही, म्हणून तर मत अधिकच पक्के झाले. त्यांच्या हाताखाली हॅन्सेन नावाचे तरुण डॉक्टर काम करीत. हॅन्सेन हे डॅनियलसेन यांचे जावईही होते. सासऱ्याच्या मताविरुद्ध जाऊन त्यांनी याच १८७३ सालच्या फेब्रुवारीत रोग्याच्या गाठीतील द्रवात सूक्ष्म काड्यांसारखे जंतू पाहिले होते. माणसाच्या जुनाट रोगाचे कारण म्हणून दाखविला गेलेला हा जवळजवळ पहिलाच जंतू होय.

या घरातील एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. हॅन्सेन यांची पत्नी, म्हणजे डॅनियलसेन यांची मुलगी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याच १८७३ साली क्षयाने वारली. डॅनियलसेन स्वतः क्षयाचे दुखणेकरी होते आणि त्यांची सगळी मुले क्षयानेच गेली. एकाच उंबऱ्यात एक रोग पिढीतून पिढीत उतरत होता आणि तो रक्ताने नव्हे, श्वासाने उतरत होता. हे तेव्हा त्या थोर डॉक्टरालाही दिसण्यासारखे नव्हते, कारण क्षयाचा जंतू कॉख यांनी दाखविला तो १८८२ साली.

बर्गनचे काम पाहून कार्टर यांचे मत पालटू लागले. १८७४ साली नॉर्वेतील महारोग आणि तेथील आश्रम यांवर त्यांनी अहवाल लिहिला, हिंदुस्थानात काय करता येईल ते त्यात सांगितले. पुढे उत्तर इटली, ग्रीसची बेटे, पॅलेस्टाइन या ठिकाणी जाऊन त्यांनी तेथील रोग्यांची माहिती गोळा केली, परत आल्यावर काठेवाडातही फिरले. १८७६ साली हे सर्व छापून प्रसिद्ध झाले. हॅन्सेन यांचा जंतूचा विचार हिंदुस्थानच्या वैद्यकीय जगात आणण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले पाहिजे. हॅन्सेन यांनी पुढे १८८८ साली अमेरिकेत जाऊन एक साधी पण निर्णायक पाहणी केली. नॉर्वेतून तिकडे जाऊन वसलेल्या महारोग्यांची मुले-नातवंडे त्यांनी तपासली. रक्त तेच होते, घर मात्र बदलले होते, ऐसपैस आणि स्वच्छ झाले होते. त्यांच्यात एकही रोगी आढळला नाही.

येथे थोडे थांबून आजचे ज्ञान सांगितले पाहिजे, कारण आपल्या रायगड जिल्ह्यातही पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन उभे राहिले ते या रोग्यांना घरांनी बाहेर काढले म्हणूनच. कुष्ठरोगाचा जंतू उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातील तुषारांतून, दीर्घकाळच्या निकट सहवासाने जातो. अंगात शिरल्यावर तो सरासरी पाच वर्षे आणि कधी कधी वीस वर्षेही गप्प राहतो. बाप गेल्यावर दहा वर्षांनी मुलास चट्टा उठला तर लोक म्हणणार, रक्तात होते. खरे तर मूल बापाच्या कुशीत निजत होते तेव्हाच जंतू आला होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जंतू अंगात गेला तरी शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांना हा रोग होतच नाही, त्यांचे शरीर त्याला पुरून उरते. डॅनियलसेन यांनी टोचून घेतले तरी काही झाले नाही याचे कारण हेच असावे.

मग रक्ताचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि कार्टर यांनी घराण्याचा दुवा पूर्णपणे टाकून दिला नाही यात त्यांचे फारसे चुकले नाही. १९७३ साली आपल्या देशातील जुळ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. एकसारख्या जुळ्यांत एकाला कुष्ठरोग असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्के निघाले. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांत ते २० टक्केच होते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढलेली. म्हणजे जंतू बाहेरून येतो, पण त्याच्याशी झुंजण्याची ताकद किंवा कमजोरी काही अंशी आईबापांकडून मिळते. रोग मिळत नाही, रोगाला दाद देण्याचा स्वभाव मिळतो. बी आणि जमीन यांचा हा संबंध शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या कोकणातील घराचे उदाहरण घेऊ. एक भाऊ कुवेतला, एक गावी. दोघांची जनुके सरासरीने निम्मी सारखी. हवा, पाणी, ताट, बिछाना मात्र वेगळे. उलट नवराबायकोचे रक्त वेगळे, पण श्वास एक. गावच्या भावाला क्षय झाला तर कुवेतच्या भावाला धोका नाही, बायकोला आणि मुलांना आहे. म्हणून डॉक्टर घरातल्या सर्वांची तपासणी करा म्हणतात तेव्हा सून परक्या घरची म्हणून तिला वगळू नये, उलट आधी न्यावे. गोड लघवीचा किंवा पंडुरोगाचा कल असेल तर उलटे होते. तेथे कुवेतच्या भावाने आपले रक्त तपासून घ्यावे आणि शेजाऱ्याने घाबरू नये. एवढा फरक ध्यानात आला तर निम्मी भीती कमी होईल.

घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेले जंतू सगळे वाईटच असतात असेही नाही. २०२३ साली अनेक देशांतील हजारो लोकांच्या तपासणीवरून असे दिसले की पहिल्या वर्षात बाळाच्या आतड्यातील साधारण निम्म्या जंतूंचे वाण आईच्या वाणांशी जुळतात. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यांतील १२ टक्के आणि तोंडातील ३२ टक्के वाण सारखे असतात. जुळी भावंडे वेगळी राहू लागली की हे साम्य कमी होत जाते. एका ताटात जेवण्याची आपली रीत वाईट नाही. ज्याला खोकला आहे त्याने काही दिवस वेगळे ताट घ्यावे, एवढेच.

रक्तातून येणाऱ्या रोगांची दखल घेण्यात आपले पूर्वजही मागे नव्हते. दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुब्याजवळचे महान शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी यांनी एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या गावातील पुरुषांना मोठी जखम झाली की रक्त थांबत नसे आणि ते मरत. मुलाच्या हिरड्या जरा चोळल्या तरी रक्त वाहत राही. आज ज्याला हिमोफिलिया म्हणतात त्याचे हे एक जुने वर्णन मानले जाते. असा रोग श्वासाने लागत नाही, दूर निजून टळत नाही. आपल्या समाजात नात्यात लग्ने होतात. चुलत, मामे, मावस भावंडांची जनुके सरासरीने एकअष्टमांश सारखी असतात. घराण्यात एखादा लपलेला दोष असेल तर तो दोन्हीकडून येऊन मुलात उघड होण्याची शक्यता त्यामुळे वाढते. थॅलसेमियाचे उदाहरण घ्या. आईबाप दोघेही धडधाकट, पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक वेळा मूल जन्मभर रक्त चढवावे लागणारे निघू शकते. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी शोधलेला अतिदुर्मीळ मुंबई रक्तगटही नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत अधिक सापडतो. नात्यातील लग्न निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. शरीअत ते मना करीत नाही आणि बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण निकाहाची तारीख ठरविण्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घेण्यास कोणाचीही मनाई नाही. हुंड्याच्या, मांडवाच्या खर्चापुढे ती तपासणी काहीच नाही.

पुन्हा कार्टर यांच्याकडे वळू. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा काळ. घाटावरून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत उतरले आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र ताप आला. पाच-सात दिवस फणफणून येई, उतरे, माणूस उठून बसे आणि आठवड्याने पुन्हा तोच ताप. कार्टर यांनी १८७७ साली रोग्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि त्यात मळसूत्रासारखे पिळदार जंतू वळवळताना पाहिले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी हेच जंतू आधी पाहिले होते. हिंदुस्थानातील तापही तोच, हे कार्टर यांनी सिद्ध केले. रोग्याचे रक्त माकडांना टोचून त्यांनी ताप आणून दाखविला. १८८२ साली या तापावर त्यांचा मोठा ग्रंथ आला. एका बिऱ्हाडातील सगळी माणसे पाठोपाठ पडत हे त्यांनी पाहिले, पण जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोडे सुटले नाही.

ते सुटले आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकला, १९०७ साली. एका मिशनच्या वसतिगृहात हा ताप आला. मुलांत तो झपाट्याने पसरला, मुलींत पुष्कळच कमी. अन्न एक, पाणी एक. मॅकी नावाच्या डॉक्टरांनी कपडे तपासले. मुलांच्या कपड्यांत उवा पुष्कळ होत्या, मुलींच्या कपड्यांत थोड्या, आणि उवांच्या पोटात ते जंतू वाढत होते. एक गोधडी, एक सदरा यांतून घरभर फिरणारी ऊ हाच तो धागा होता. शाळेत शिकविणाऱ्या माणसाला ही हकीकत वाचून वर्गातील डोकी आठवल्याखेरीज राहत नाहीत. अर्थात हा ताप अंगावरच्या कपड्यातील उवेने पसरतो, केसांतील उवेवर त्याचा आळ घेऊ नये.

कार्टर पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यही झाले. मलेरियाच्या रोग्यांच्या रक्तातील जंतूही आपल्याकडे प्रथम पाहणाऱ्यांत त्यांची गणना होते. एका बाबतीत मात्र त्यांच्या कामाचे फळ कडू निघाले. नॉर्वेप्रमाणे येथेही महारोग्यांना वेगळे ठेवावे, त्यांच्यासाठी आश्रम बांधावे, असा त्यांचा आग्रह होता. औषध नव्हते, तेव्हा दुसरा उपाय त्यांना दिसत नव्हता हे खरे. १८९० साली मुंबईत माटुंग्यास अॅक्वर्थ यांच्या नावाने ओळखला जाणारा आश्रम निघाला. १८९८ साली महारोग्यांचा कायदा झाला आणि गरीब, भटक्या रोग्यांना पकडून कोंडण्याचा अधिकार सरकारकडे आला. जंतूची भीती कायद्यात शिरली ती औषध आल्यावरही लवकर निघाली नाही. अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८२ पासून रूढ झाला. तो सुरू होताच थोड्याच अवधीत रोगी दुसऱ्यास रोग देऊ शकत नाही आणि सहा महिने ते एक वर्षात बरा होतो. तरी १८९८ चा तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा १९३९ चा. त्यात पतीचा कुष्ठरोग हे तलाक मागण्याचे एक कारण म्हणून लिहिलेले होते, तसेच ते हिंदू, ख्रिस्ती आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही होते. २०१९ साली संसदेने ते सगळीकडून काढून टाकले. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळांना हे अद्याप ठाऊक नसेल म्हणून मुद्दाम नमूद केले. रोग्याच्या घरातील माणसांना एकच मात्रा औषध देऊन त्यांचा धोका कमी करता येतो, अशी शिफारसही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली आहे. चट्टा बधिर असेल तर लपवू नये, सरकारी दवाखान्यात हा उपचार फुकट मिळतो. त्या घरची सोयरीक मोडण्याचे तर काहीच कारण नाही.

१८८८ साली कार्टर निवृत्त होऊन स्कारबरोस परतले. मुंबईत झालेला पहिला विवाह दुःखाचा ठरला होता. १८९० साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा लग्न केले आणि दोन मुले झाली. संसाराचे सुख उशिरा आले ते सात वर्षे टिकले. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या रोगाची वाट शोधली त्यांना अखेर क्षयाने गाठले आणि ४ मे १८९७ रोजी ते वारले. त्या वर्षी मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला होता, आणि कार्टर यांच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करून, जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेऊन, लोकांना देऊ लागले होते.